मामांना पॅनेल उघडू द्यायचं का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. चाकणला सुट्या भागांचा कारखाना, २२ केव्हीचा एचटी, म्हणजे उच्च दाबाचा, पुरवठा, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, एक डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि गेल्या वर्षापासून छपरावर सोलर. विजेच्या कामाला एक डिप्लोमा झालेला इंजिनिअर, आयटीआय झालेली दोन पोरं, बावीस वर्षं तिथेच काढलेले पण हातात कुठलाच कागद नसलेले एक मामा, आणि लागतील तशी ठेकेदाराची माणसं. तुम्ही तिथे नवीन सुरक्षा अधिकारी. ऑडिटरने ‘विजेवर काम करणाऱ्या पात्र माणसांची यादी दाखवा’ म्हटलं आणि यादीत मामांचं नाव घालायचं की नाही, इथे गाडी अडली. त्यात प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय द्यायचं, हा दुसरा प्रश्न.

मी ३१ वर्षं कारखान्यांच्या मेन्टेनन्समध्ये काढली, त्यातली शेवटची बारा विद्युत पर्यवेक्षक म्हणून. अशा मामांच्या हाताखालीच शिकलो, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिताना थोडा पक्षपात होईल. तो धरून चाला.

कायद्याचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. वीज कायदा २००३ च्या आधारे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे विनियम केले, आधी २०१० चे आणि आता त्यांच्या जागी २०२३ चे. त्यांत अगदी सुरुवातीलाच म्हटलंय की ग्राहकाने, म्हणजे तुमच्या कारखान्याने, विजेच्या तारांवर आणि यंत्रांवर काम करायला ठराविक माणसं नेमायची. त्यांची नावं रजिस्टरात लिहायची आणि प्रत्येकाला कशासाठी नेमलं तेही लिहायचं. ज्याच्याकडे राज्य सरकारचं सक्षमता प्रमाणपत्र किंवा विजेच्या कामाचा परवाना नाही, त्याला असं नेमता येत नाही. १९५६ च्या जुन्या भारतीय विद्युत नियमांतही परवान्याची अट होतीच, त्यामुळे ‘नवीन नियम आला हो’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. थोडक्यात, मामांचं नाव आज यादीत घालू नका. घातलंत आणि उद्या काही घडलं, तर विद्युत निरीक्षक पहिल्यांदा तेच रजिस्टर मागेल.

याच विनियमांतली आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची. जोडभार, म्हणजे जोडलेल्या सगळ्या यंत्रांचा मिळून भार, २५० किलोवॉटच्या वर असलेल्या कारखान्याला विद्युत सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो, आणि तो वीज शाखेचा पदवीधर किंवा पदविकाधारक, शिवाय देखभालीचा अनुभव असलेला लागतो. तुम्ही सुरक्षा अधिकारी आहात म्हणून ते पद आपोआप तुमच्याकडे येत नाही. बऱ्याच ठिकाणी या दोन खुर्च्या एकच समजल्या जातात आणि दुसरी रिकामी राहते. तुमचा डिप्लोमावाला त्या खुर्चीत बसतो का, त्याच्या अनुभवाची वर्षं पुरतात का, ते विनियम उघडून मोजा.

आता कागदांचा गोंधळ. आयटीआयचा ‘वीजतंत्री’ किंवा ‘तारतंत्री’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पास झाल्याचं प्रमाणपत्र हे शिक्षणाचं प्रमाणपत्र आहे. परवाना ही वेगळी गोष्ट. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर पुढे राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून वायरमनचा परवाना घ्यायचा असतो, ज्याला जुनी माणसं अजूनही ‘पीडब्ल्यूडीचं लायसन’ म्हणतात. तुमच्या दोन पोरांपैकी एकाने तरी तो काढलेला नसणार, अशी माझी पैज. डिप्लोमा किंवा डिग्रीवाल्याचंही तसंच: कॉलेजची पदविका म्हणजे पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र नव्हे. आणि हे सगळे कागद मुदतीचे असतात. मुदत संपलेला परवाना फ्रेम करून भिंतीवर लावलेला मी पाहिलाय, वर हार घातलेला.

ठेकेदाराच्या बाबतीत फाइलमध्ये त्याच्या अनुज्ञप्तीची झेरॉक्स असते, ती बघून आपण खूश होतो. पण गेटवर सकाळी आठला जो माणूस पक्कड घेऊन उभा आहे, त्याचा परवाना कुठाय? ठेकेदार मोठा असतो, सुपरवायझर कागदावर असतो आणि प्रत्यक्ष आलेला पोरगा परवापर्यंत फर्निचरच्या दुकानात काम करत असतो. गावाकडे डीपीवर चढणाऱ्या अशा पोराला ‘झिरो वायरमन’ म्हणतात. एमआयडीसीतही ते आहेत, फक्त त्यांच्या अंगात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट असतं. म्हणून गेटवरच परवाना बघायचा, माणसाच्या चेहऱ्याशी फोटो ताडून.

हे झालं कायद्याचं. ज्यासाठी मी मुळात उत्तर लिहायला बसलो ते यापुढे आहे. परवाना असलेला माणूस पात्र असतोच असं नाही, आणि हे मी स्वतःच्या खांद्यावरून सांगतो.

१९९६ चा मे महिना, भोसरीतला एक कारखाना. माझ्याकडे आयटीआय होतं, परवाना होता, पाच वर्षांचा अनुभव होता. शेडच्या वरच्या बाजूला एक एक्झॉस्ट फॅन बंद पडला. खाली पॅनेलमध्ये ‘एक्झॉस्ट ३’ लिहिलेला स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात घातले आणि लाकडी शिडीवर चढलो. पंख्याजवळच्या आयसोलेटरचं (वीज तोडायच्या स्विचचं) झाकण उघडून खिशातला निऑन टेस्टर लावला. पेटला नाही. हात घातला, आणि डाव्या हाताने छपराची लोखंडी पर्लिन (आडवी पट्टी) धरलेली होती. पुढचं आठवत नाही. खाली पत्र्यांच्या ढिगावर पडलो, खांदा निखळला, जीव वाचला तो पडल्यामुळेच, कारण पडलो म्हणून हात सुटला.

नंतर कळलं की कधीतरी पंखे अदलाबदल केले होते आणि ‘३’ च्या स्विचवर पाचवा पंखा चालत होता. ही झाली एक चूक. दुसरी टेस्टरची. त्या पिटुकल्या दिव्यातून जाणारा अगदी बारीक प्रवाह तुमच्या अंगातून जमिनीत जातो तेव्हा तो पेटतो. मी उभा कोरड्या लाकडी शिडीवर, त्यामुळे तो प्रवाह पुरेसा जाईना. वर छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून मे महिन्याचं ऊन थेट टेस्टरवर, म्हणजे मिणमिणता पेटला असेल तरी दिसला नसता. ‘पेटला नाही’ याचा अर्थ मी ‘वीज नाही’ असा लावला. दोन वर्षांच्या आयटीआयमध्ये मला निऑन टेस्टर वापरायला शिकवलं होतं, त्याच्यावर कधी विश्वास ठेवू नये हे कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं की ‘हा पात्र आहे का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या पॅनेलवर, कुठल्या कामासाठी पात्र, असं विचारायला हवं. परदेशी मालकीच्या बऱ्याच कारखान्यांत एनएफपीए ७०ई या अमेरिकी मानकाचा दाखला देतात. आपल्याकडे तो कायदा नाही, पण त्यातली आणि तिथल्या सरकारी नियमांतली ‘पात्र व्यक्ती’ची कल्पना मला आवडते. त्या उपकरणाची रचना आणि त्यातले धोके यांचं प्रशिक्षण घेतलेला, आणि ते कौशल्य करून दाखवलेला माणूस. तोच माणूस एका यंत्रासाठी पात्र आणि शेजारच्या यंत्रासाठी अपात्र असू शकतो, हेही तिथे स्पष्ट आहे. आपल्या रजिस्टरातला ‘कशासाठी’ हा रकाना नेमकं हेच मागतो. आपण त्यात सगळ्यांच्या नावापुढे ‘विद्युत कामे’ लिहून वर सही ठोकतो.

तो रकाना नीट भरा, तुमचं अर्धं काम झालं. उदाहरणार्थ, ‘४१५ व्होल्टपर्यंतचे मोटर फीडर, वीज बंद करून दुरुस्ती, एपीएफसी पॅनेल आणि व्हीएफडी वगळून, एचटी यार्डात प्रवेश नाही.’ (एपीएफसी म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटरचं पॅनेल, व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह.) असं लिहिलं की माणसाला आपली हद्द कळते आणि रात्रपाळीच्या सुपरवायझरला त्याच्याकडून काय करून घ्यायचं नाही तेही कळतं. मी शेवटच्या नोकरीत ओळखपत्रामागे रंगीत पट्टी लावायचो. पांढरी पट्टी म्हणजे फक्त स्विच चालू-बंद करणारा ऑपरेटर. पिवळीवाला वीज बंद असलेल्या एलटी, म्हणजे कमी दाबाच्या, भागावर काम करणार. निळीवाल्याने चालू पॅनेलसमोर उभं राहून मोजमाप घ्यायचं, क्लॅम्प मीटर लावायचा, थर्मल कॅमेरा धरायचा. लाल पट्टी एचटी स्विचिंगची, आणि ती तीनच माणसांकडे होती. चालू तारेवर हात घालून दुरुस्ती करायला कुठलीच पट्टी नव्हती.

आता प्रशिक्षण. बहुतेक कारखान्यांत ते असं होतं: बाहेरून एक साहेब येतात, इंग्रजीत ऐंशी स्लाइड दाखवतात, मधे चहा-बिस्कीट, शेवटी हजेरीपत्रकावर सह्या. समोर बसलेल्यांत निम्मे मराठी, बाकी ओडिशा-बिहारकडचे. कोणाला काय कळलं हे विचारायची सोय नाही, कारण ऑडिटला हजेरीपत्रक पुरतं. तुम्ही हे करू नका. मराठीत आणि हिंदीत बोला, तीन तासांपेक्षा जास्त वर्गात बसवू नका, आणि उरलेले दोन-तीन दिवस पॅनेलसमोर घालवा.

वर्गात सांगायचं ते मोजकंच. शरीरातून साधारण १० मिलिअँपिअर गेले की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. ३० च्या पुढे काही क्षण जास्त गेले तरी जिवावर बेततं, म्हणूनच माणसाच्या रक्षणाची आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरची असते. मग त्यांना विचारा, ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब किती घेतो? पाव अँपिअर, म्हणजे २५० मिलिअँपिअर. घामेजल्या माणसाच्या अंगाचा अडथळा हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला जवळपास तेवढाच प्रवाह त्याच्यातून जाईल. आणि त्या लाइनवरचा १६ अँपिअरचा एमसीबी? त्याला हा एक बल्ब लागल्यासारखं वाटेल, तो ढिम्म पडणार नाही. हे गणित फळ्यावर केलं की खोली गप्प होते. एमसीबी आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, या समजुतीवर निम्म्या पोरांचं आयुष्य चाललेलं असतं.

आर्क फ्लॅशबद्दलही सांगा, कारण आपल्याकडे ‘शॉक’ सोडून दुसऱ्या धोक्याला नावच नाही. पॅनेलात पाना पडला किंवा उंदीर शिरला, की दोन बसबारमध्ये (वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांमध्ये) ठिणगीचा गोळा होतो. त्याचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त असू शकतं आणि तांब्याची क्षणात वाफ होते. माणसाने कशाला हातही लावलेला नसतो. तो तीन फुटांवर उभा असतो, आणि अंगातला पॉलिएस्टरचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो. तुमच्या युनिफॉर्मचं कापड काय आहे ते आजच स्टोअरमध्ये विचारा. मेन्टेनन्सवाल्यांना निदान जाड सुती द्या. आणि अंगठी, कडं, गळ्यातली चेन पॅनेलच्या दाराबाहेर.

पॅनेलसमोर शिकवायची मुख्य गोष्ट एकच: वीज खरोखर बंद करणं. ऐकायला बालवाडीचा धडा वाटतो. पण तुमच्या कारखान्यात वीज किती ठिकाणांहून येते, हे तुमच्या पोरांना विचारून बघा. महावितरणचा पुरवठा सगळे सांगतील. डीजी बरेच जण सांगतील, पण पुरवठा गेल्यावर जनरेटर लावणारं एएमएफ पॅनेल ऑटोवर असेल तर मेन पाडल्यावर काही सेकंदांत तो सेट आपणहून सुरू होतो, हे कामाच्या घाईत विसरलं जातं. आधी ऑटोवरून मॅन्युअल, मग कुलूप. सोलरचं तर वेगळंच. ग्रिड गेलं की इन्व्हर्टर थांबतो हे खरं, पण छपरावरून खाली येणाऱ्या डीसी तारा ऊन आहे तोवर जिवंतच असतात, अनेकदा ६०० व्होल्टच्या वर. सूर्याला स्विच नाही. मग यूपीएस आहे, दुसऱ्या पॅनेलमधून आलेला कंट्रोलचा २३० व्होल्टचा पुरवठा आहे. तो शेवटचा सगळ्यात दगाबाज, कारण मेन स्विच पडलेला दिसतो आणि कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलवर वीज तशीच असते.

म्हणून पहिल्या दिवशी सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे वीजजोडणीचा नकाशा, हातात देऊन यार्डापासून शेवटच्या डीबीपर्यंत (वितरण पेटीपर्यंत) चालत न्या. तुमचा डायग्राम आणि प्रत्यक्ष जोडणी जुळणार नाही, हे गृहीत धरा. जिथे जुळत नाही तिथे पोरांनाच पेन्सिलीने दुरुस्त करायला लावा आणि लेबलं बदलायला लावा. माझा खांदा निखळला तो एका लेबलामुळे.

मग बंद करण्याचा क्रम, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने. स्विच पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. चार माणसं काम करत असतील तर चार कुलपं. ‘काम चालू आहे’ची नुसती पाटी पुरत नाही, पाटी वाऱ्याने पडते. मग मोजायचं, आणि मोजण्याचीही रीत आहे. जिथे वीज असल्याची खात्री आहे अशा जिवंत ठिकाणी आधी मीटर लावून तो चालतोय ना ते बघायचं, मग कामाच्या जागी तिन्ही फेज एकमेकांत, न्यूट्रलशी आणि अर्थशी, आणि शेवटी पुन्हा त्या जिवंत ठिकाणी. मधल्या वेळात मीटरचा फ्यूज गेला असेल तर शेवटच्या पायरीला कळतं. मीटरवर कॅट ३ किंवा कॅट ४ (विजेचा किती मोठा झटका सोसेल याचा दर्जा) लिहिलेलं असावं, बाजारातला दीडशे रुपयांचा पिवळा मीटर मेन पॅनेलला लावू नका. एचटीचं असेल तर पुढची पायरी डिस्चार्ज रॉडने लाइन अर्थ करण्याची, म्हणजे जमिनीशी जोडण्याची, आणि एलटीतही जिथे मागून वीज येण्याची शक्यता आहे तिथे ती करा. शेजारचा फीडर जिवंत असेल तर मध्ये इन्सुलेटिंग शीट. महावितरणचे लाइनमन ‘लाइन क्लिअर’, म्हणजे लाइन बंद आहे आणि काम करायला हरकत नाही अशी परवानगी, घेतात ते याच कारणासाठी, आणि त्यांच्याकडेही ती तोंडी फोनवर घेतली गेली की माणसं मरतात.

एपीएफसी पॅनेल आणि व्हीएफडी यांच्यासाठी वेगळा तास ठेवा. वीज बंद केली तरी कपॅसिटर भरलेला असतो. व्हीएफडीच्या आतल्या डीसी बसवर ४१५ चे सुमारे ५८५ व्होल्ट होतात आणि ते उतरायला वेळ लागतो. किती वेळ, ते ड्राइव्हच्या झाकणावर लिहिलेलं असतं. तेवढं थांबा, आणि थांबल्यावरही मोजा. कपॅसिटरमधले डिस्चार्ज रेझिस्टर जळालेले असतील तर घड्याळ बघून काही उपयोग नाही.

परीक्षा लेखी घेऊ नका. मी भंगारातलं एक पॅनेल आणून वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभं केलं होतं. दाराला एक लिमिट स्विच आणि आत बॅटरीवरचा हूटर. मेनला कुलूप घातल्याशिवाय दार उघडलं की हूटर बोंबलायचा आणि शेजारच्या कॅन्टीनमध्ये बसलेले लोक टाळ्या वाजवायचे. पहिल्या वर्षी नऊपैकी सात जणांनी हूटर वाजवला, त्यात मीही होतो. सांगायला लाज वाटते, पण स्वतःच बसवलेल्या सापळ्यात घाईघाईत सापडलो. त्यानंतर त्या खोलीत कुलपाचा विषय परत समजावून सांगावा लागला नाही.

हातमोज्यांबद्दल थोडंसं. १००० व्होल्टपर्यंतच्या कामाला क्लास ० चे रबरी हातमोजे, वरून चामड्याचे. वापरण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आतली हवा बोटांकडे दाबायची, कुठे फुस्स होतंय का ऐकायचं. ग्रीसच्या डब्याशेजारी ठेवलेले, चिरा पडलेले हातमोजे फेकून द्या. ते नसलेले बरे, कारण ते घातले की माणूस धीट होतो. पॅनेलसमोरची मॅट आयएस १५६५२ ची आहे का ते मागच्या छापावरून बघा, साधी काळी रबरी चटई दिसायला तशीच असते.

शॉक लागल्यावर काय करायचं, याचा तक्ता भिंतीवर लावणं नियमानेच बंधनकारक आहे, आणि नेमलेल्या माणसांना ते करता आलं पाहिजे हेही त्यातच आहे. तुमच्याकडचा तक्ता जवळ जाऊन वाचा. अजून कित्येक ठिकाणी माणसाला पालथं घालून पाठ दाबायची चित्रं असलेले जुने तक्ते टांगलेले आहेत. ते काढा. आता सीपीआर: आधी वीज तोडायची, माणूस उताणा, छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांमागे दोन श्वास. बाहुलीवर दोन मिनिटं सलग करून घ्या. धडधाकट पोरं एका मिनिटात दमतात, तेव्हा त्यांना कळतं की माणसं आलटून पालटून लागतात. आणि शॉक लागून उठून बसलेल्यालाही दवाखान्यात न्या, ईसीजी काढा. ‘मी बरा आहे’ हे त्याचं म्हणणं ऐकू नका. जीव गेला किंवा इजा झाली तर विद्युत निरीक्षकाला २४ तासांत कळवावं लागतं, हे एचआरलाही सांगून ठेवा, नाहीतर ते आधी वकिलाला फोन करतात.

ज्यांचा विजेशी संबंध नाही त्यांना अर्धा तास द्याच. मी पाहिलेले बरेचसे अपघात त्यांचेच आहेत: अॅल्युमिनियमची शिडी उभी धरून ओव्हरहेड लाइनखालून जाणारा रंगारी, ट्रॉली वर करूनच गाडी हाकणारा टिपरवाला, पॅनेलवर पाइपने पाणी मारणारी सफाईची माणसं, प्लग तुटला म्हणून ग्राइंडरच्या उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून आगपेटीच्या काड्या खुपसणारा फिटर. त्यांना सर्किट शिकवायचं नाही. कशाला हात लावायचा नाही आणि काय दिसलं तर कुणाला बोलवायचं, एवढंच. हे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करा, पाऊस लागायच्या आत.

पुन्हा प्रशिक्षण कधी, याला ७०ई तीन वर्षांची मर्यादा घालतं. माझ्या मते ती सैल आहे. नवीन पॅनेल आलं, माणूस चार-सहा महिने दुसऱ्या विभागात होता, किंवा थोडक्यात वाचल्याचा प्रसंग घडला, की लगेच. नाहीतर वर्षातून एकदा.

यातलं काहीही टिकणार नाही, जर प्रॉडक्शन मॅनेजर रात्री अडीचला उभा राहून ‘पाच मिनिटांचं काम आहे, लाइन कशाला पाडता’ म्हणाला आणि त्या पोराला नाही म्हणता आलं नाही. त्याला नाही म्हणायचा अधिकार लेखी द्या, प्लँट हेडच्या सहीने, मराठीत, आणि तो कागद पॅनेल रूममध्ये लावा. सही मिळवायला तुम्हाला जड जाईल. मला आठ महिने लागले.

आता मामा. बावीस वर्षांत कुठली केबल कुठल्या खंदकातून गेली, कुठला जॉइंट पावसात भिजतो, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही. त्यांना कोपऱ्यात बसवलंत तर ते ज्ञान जाईल आणि तुमची दोन पोरं आंधळी होतील. डायग्राम दुरुस्त करायच्या त्या पहिल्या दिवशी मामांनाच पुढे चालवा, शिकवणारे म्हणून. त्यांना परवान्याच्या परीक्षेला बसता येतं का, कुठला अनुभवाचा दाखला लागतो, याची चौकशी पुण्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात तुम्ही स्वतः जाऊन करा, त्यांना पाठवू नका. फॉर्म इंग्रजीत असेल आणि ते तिथूनच परत येतील. तोवर परवानाधारकाच्या सोबतीने, वीज बंद असलेल्या भागावर मदतनीस म्हणून. त्यांना हे सांगताना चारचौघांत सांगू नका. चहाला घेऊन जा, आणि रजिस्टर कायद्याचं आहे, माझं नाही, असं म्हणा. रागावतील. माझे गुरू असलेले मामा तीन आठवडे माझ्याशी बोलले नव्हते.

एक सवय मात्र त्यांची मोडावी लागेल, आणि तीच अवघड आहे: उलट्या हाताने तार चाचपून बघायची. ‘वीज असेल तर हात आपोआप मागे येतो’ असं ते म्हणतील आणि बावीस वर्षं तसं झालंही असेल. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना स्वतःच्या नावाचा चांगला मीटर घेऊन द्या, आणि पोरांसमोर तो आधी त्यांच्याकडून वापरून घ्या.

अजून एक राहिलं. एचटी यार्डाची चावी तुमच्याकडे कुणाजवळ असते, ते उद्या सकाळी बघून या. मी गेलो त्यातल्या बहुतेक कारखान्यांत ती गेटवरच्या वॉचमनच्या टेबलाच्या खणात होती, सायकल स्टँडच्या चावीबरोबर.